धरलेला हात सोडू नये
(अभ्यासपाठ : वेगळ्या समाजातून आलेल्या तरुणांना सोबत)



आपल्या घरातले मूल दहावी-बारावी झाले की काय घडते, ते आठवून पाहू या. निकाल लागण्याआधीच चर्चा सुरू होते. कुणाचा मामा बँकेत असतो, कुणाची मावशी शाळेत शिकवते, शेजारचा मुलगा इंजिनिअर झालेला असतो. कोणत्या कॉलेजचा फॉर्म भरायचा, कोणता दाखला आधी काढायचा, कोणत्या कोर्सनंतर नोकरी लागते, हे सारे त्या मुलाला जेवता जेवता कळते. मुलाखतीला जाताना काय घालावे, साहेबांसमोर कसे बोलावे, हेही कुणीतरी सांगते. या गोष्टींसाठी आपण पैसे मोजत नाही. म्हणून त्यांची किंमतही आपल्या ध्यानात येत नाही.

आता दुसऱ्या एका मुलीचा विचार करू या. ती तलासरी किंवा जव्हारकडच्या एखाद्या पाड्यावरची वारली मुलगी आहे असे समजा. दहावीच्या पुढे गेलेली ती घरातली पहिलीच. आई-वडील भाताची कापणी आटोपून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते पाऊस जवळ आल्यावरच परततात. मुलीला गुण चांगले मिळाले आहेत. पण प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन आहे, दाखल्यासाठी कोणत्या कार्यालयात जायचे ते घरात कुणालाच ठाऊक नाही. वसतिगृहाच्या अर्जाची मुदत संपली, हे तिला मुदत संपल्यावर कळते. कशीबशी कॉलेजात पोहोचली, तर तिच्या बोलण्यावर वर्गात हसू उमटते. दोन महिन्यांत ती घरी परतते. गावात म्हणतात, “तिला झेपले नाही.”

या मुलीत हुशारीची उणीव नव्हती. उणीव होती ती एका ओळखीच्या माणसाची. आजचा आपला पाठ त्या ओळखीच्या माणसाविषयी आहे.

१. सोबती म्हणजे कोण?

इंग्रजीतला ‘मेंटॉर’ हा शब्द आता आपल्या ऑफिसांत आणि कॉलेजांतही रुळला आहे. मराठीत आपण त्याला ‘सोबती’ म्हणू या. सोबती म्हणजे देणगीदार नव्हे. देणगीदार फी भरतो आणि आपल्या कामाला लागतो. सोबती म्हणजे शिकवणीचा मास्तर नव्हे, आणि पालक तर मुळीच नव्हे, कारण त्या मुलाला स्वतःचे आई-वडील आहेत. सोबती हा वाट माहीत असलेला मोठा माणूस. तो ठरलेल्या दिवशी भेटतो, ऐकून घेतो, जिथे दार बंद असेल तिथे बरोबर येतो आणि आतल्या माणसांना सांगतो, “हा माझ्या ओळखीचा आहे.”

पवित्र शास्त्रात असा एक सोबती आहे. बर्णबा हा मूळचा सायप्रस बेटावरचा लेवी. पौल मनपरिवर्तनानंतर यरुशलेमेत आला तेव्हा शिष्यांना त्याची भीती वाटत होती, कुणी त्याला जवळ करीना. बर्णबा त्याला घेऊन प्रेषितांकडे गेला आणि त्याच्या वतीने बोलला (प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९). पुढे मार्क हा तरुण प्रवासात अर्ध्यावरून परतला, तेव्हा पौल त्याला पुन्हा बरोबर नेण्यास तयार होईना. बर्णबाने मात्र मार्कला सोडले नाही, त्याला घेऊन तो सायप्रसला गेला (अध्याय १५). ओळख करून देणे आणि एकदा चुकलेल्याला पुन्हा संधी देणे, सोबत्याची ही दोन्ही कामे बर्णबाने केली.

बर्णबाने ज्याला जवळ केले तो पौल पुढे स्वतः सोबती झाला. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याची आई यहूदी, तर वडील ग्रीक होते. दोन समाजांच्या सीमेवर वाढलेल्या त्या मुलाला पौलाने कामात बरोबरीचा वाटा दिला. त्याला लिहिलेल्या पत्रात त्याची आई युनीके आणि आजी लोईस यांची आठवण नावानिशी काढली. तरुणाला पुढे नेताना त्याचे घर मागे टाकायचे नसते, हे यातून शिकावे.

२. कोसबाडची टेकडी : आधी आपण त्यांच्याकडे जावे

याचे एक मोठे उदाहरण आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबत अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा होत्या. लहान वयातच हे दुःख वाट्याला आले, तरी त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. ताराबाई १९७३ साली वारल्या. त्यांच्यानंतर अनुताईंनी १९९२ सालापर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, ते सांभाळले.

शाळा उघडली म्हणजे मुले येतील, असे कोसबाडला झाले नाही. मोठी मुले गुरे चारायला जात आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. “आई-बापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही,” असे म्हणून दोघींना थांबता आले असते. त्यांनी तसे केले नाही. मुले अंगणात असतात म्हणून अंगणात बालवाडी भरवली. गुराखी मुले कुरणात असतात म्हणून कुरणात शाळा नेली आणि तिला ‘कुरणशाळा’ असे साधे नाव दिले. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघराची सोय केली, म्हणजे थोरल्या बहिणीला शिकता येईल. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी मोजणी शिकवली. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द याच कामाशी जोडलेला आहे. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली आणि हा शब्द गावोगावी पोहोचला.

आपल्यासाठी यातला धडा सरळ आहे. तरुण आपल्याकडे येत नाहीत अशी तक्रार करण्याआधी आपण त्यांच्याकडे गेलो का, हे पाहावे. सभा रविवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये ठेवली आणि त्या वेळी तो मुलगा कामावर असला, तर तो येणार कसा? मग न येण्याचा दोष त्याचा म्हणायचा का?

दुसरी गोष्ट म्हणजे कामाचा काळ. अनुताईंनी कोसबाडला सुट्टीपुरते शिबिर घेतले नाही, त्या तिथे राहिल्या. पाड्यावरच्या लोकांचा विश्वास बसला तो यामुळेच.

३. लंडनच्या शनिवारच्या शाळा : मुलाची बोली हा दोष नव्हे

आता जरा दूर जाऊ या. घरची बोली शाळेच्या भाषेहून वेगळी असली की शाळा त्या मुलाविषयी काय समजते, हा प्रश्न फक्त आपल्या भागातला नाही. इंग्लंडमधल्या एका समाजाने त्याला जे उत्तर दिले, ते आपण समजून घ्यावे असे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला कामगार हवे होते. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ ही बोट जमैका व इतर कॅरिबियन बेटांवरील शेकडो लोकांना घेऊन लंडनजवळ टिलबरी बंदराला लागली. त्यानंतर आणखी हजारो कुटुंबे आली. ही माणसे बस चालवू लागली, इस्पितळांत परिचारिका झाली. त्यांची मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा एक विपरीत गोष्ट पालकांच्या ध्यानात आली. मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांसाठी ज्या वेगळ्या शाळा होत्या, त्यांत कॅरिबियन मुले लोकसंख्येच्या मानाने फार जास्त होती.

ग्रेनाडाहून आलेले शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ साली एक छोटी पुस्तिका लिहून याची कारणे मांडली. मुलांची घरची इंग्रजी वेगळ्या वळणाची होती, ती शिक्षकांना अशुद्ध वाटे. बुद्धीच्या चाचण्यांतील प्रश्न इंग्रज घरातल्या मुलाला परिचित असत, या मुलांना नसत. शिक्षक या मुलांकडून फारशी अपेक्षाच ठेवत नसत. हळूहळू मूलही स्वतःला तसेच समजू लागे. या चार कारणांत मुलाच्या बुद्धीचा दोष कुठेच नाही, हे ध्यानात घ्यावे.

पालक रडत बसले नाहीत. समाजातल्या शिकलेल्यांनी आणि कष्टकऱ्यांनी मिळून शनिवारच्या शाळा काढल्या. कुणाच्या घराच्या बैठकीच्या खोलीत, कुठे चर्चच्या हॉलमध्ये त्या भरत. त्रिनिदादचे जॉन ला रोझ यांनी १९६९ साली उत्तर लंडनमधील आपल्या घरीच अशी शाळा सुरू केली. तिथे गणित आणि इंग्रजी पक्के करून घेत, आणि त्याबरोबर मुलांना आपल्या पूर्वजांचा इतिहासही सांगत. त्यातून मुलाला कळे की आपण कुठून तरी आलो आहोत आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पालकांच्या चळवळीचा दबाव वाढत गेला. अखेर १९८१ च्या शिक्षण कायद्याने मुलांवर तो शिक्का मारण्याची पद्धतच बंद केली.

वसईच्या ख्रिस्ती माणसाला हे समजणे कठीण नाही. आपल्या घरांत कादोडी बोलतात, वाडवळी बोलतात, कोळी बोली बोलतात. शाळेत आपली बोली तोंडातून निघाली की काय होई, हे आपल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारा. आपल्या बोलीला कुणी हसले तर आपल्याला राग येतो. मग वारली किंवा कातकरी मुलाच्या बोलण्याची नक्कल आपल्या घरात, आपल्या मुलांकडून होत असेल, तर तिथेच थांबवायला हवी.

४. न्यू यॉर्कचा अनुभव : सोबत किती काळ?

आपल्या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आता येतो. सोबत द्यावी हे सर्वांना पटते. पण ती किती काळ द्यावी? याचे उत्तर अमेरिकेतल्या एका जुन्या कामातून मिळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू यॉर्कच्या बाल न्यायालयात रोज गरीब घरांतली मुले आणली जात. त्यांतली पुष्कळ मुले नव्याने आलेल्या परदेशी कुटुंबांतली होती. न्यायालयाचे कारकून अर्नेस्ट कूल्टर यांनी १९०४ साली एका चर्चच्या पुरुष मंडळासमोर या मुलांची स्थिती सांगितली आणि विचारले की प्रत्येकी एका मुलाचा मोठा भाऊ व्हायला कोण तयार आहे? सुमारे चाळीस जण पुढे आले. त्याच काळात ‘लेडीज ऑफ चॅरिटी’ या कॅथलिक स्त्रियांच्या मंडळाने न्यायालयात आलेल्या मुलींना आधार द्यायला सुरुवात केली होती. पुढे ते काम ‘कॅथलिक बिग सिस्टर्स’ म्हणून ओळखले गेले. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही आजची मोठी संस्था अशा प्रयत्नांतून वाढली.

या कामाचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासण्यासाठी एक मोठा अभ्यास झाला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. १० ते १६ वयाची ९५९ मुले त्यात होती. त्यांतली निम्म्याहून अधिक अल्पसंख्य वंशांची, विशेषतः कृष्णवर्णीय घरांतली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला लगेच सोबती दिला, दुसऱ्याला थांबायला सांगितले. दीड वर्षाने पाहिले तेव्हा सोबती मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांकडे वळण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होते. शाळा बुडवण्याचे दिवस जवळजवळ निम्मे झाले होते. हे सोबती शिकवणी घेत नव्हते आणि उपदेशही करीत नव्हते. महिन्यातून सुमारे तीनदा, तीन-चार तास ते मुलाबरोबर घालवीत. खेळत, फिरत, बोलत. एवढेच.

पण याच मुलांच्या माहितीचा पुढे आणखी बारकाईने अभ्यास झाला आणि तो २००२ साली प्रसिद्ध झाला. सोबत किती दिवस टिकली, त्याप्रमाणे निकाल वेगळे दिसले. ज्यांची सोबत एक वर्ष किंवा त्याहून जास्त टिकली, त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला. आणि ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आतच तुटली, त्यांची काय स्थिती झाली? त्यांचा स्वतःविषयीचा आदर आणि अभ्यासातला आत्मविश्वास घसरला. म्हणजे सोबत अर्ध्यावर सुटली आणि त्याने त्यांचे नुकसानच झाले.

याचे कारण ओळखणे अवघड नाही. ज्या मुलाला बाहेरच्या जगाने वारंवार नाकारले आहे, त्याला एक मोठा माणूस येऊन “मी आहे” असे सांगतो. मूल हळूहळू मन उघडते. मग तो माणूस एक दिवस येत नाही, फोन उचलत नाही. मुलाला वाटते, दोष माझ्यातच असणार. सोबत्याला फक्त काम वाढले होते, पण मुलाला ते कसे कळावे?

म्हणून या पाठाचा सार एका वाक्यात सांगायचा, तर धरलेला हात सोडू नये, आणि सोडावा लागणार असे आधीच वाटत असेल तर तो उत्साहाच्या भरात धरू नये. नाताळात कपडे वाटणे आणि एका तरुणाची सोबत करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम एका दिवसात होते. दुसऱ्याला निदान एक वर्ष द्यावे लागते.

५. हे तरुण कुठे आहेत?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे सुमारे १ कोटी ५ लाख लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे ९.४ टक्के. त्यांतले पुष्कळ आपल्या शेजारी आहेत. आपल्या वाड्यांत मजुरीला येणारे, बांधकामावर राबणारे, घरकामाला येणारे तरुण पाहा. त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? त्यांनी शाळा कितवीत सोडली, हे आपण कधी विचारले आहे का?

दुसरे तरुण ईशान्य भारतातून येतात. मिझोराम, नागालँड, मेघालय, मणिपूर येथून शिकायला आणि नोकरीला ते मुंबई-पुण्यास येतात. त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती आहेत. रविवारी ते आपल्या शेजारच्या बाकावर बसलेले असू शकतात. आपल्याच देशात त्यांना “कुठल्या देशाचे?” असे विचारले जाते. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा पसरल्या आणि हजारो तरुण बंगळुरू, पुणे इत्यादी शहरे सोडून भीतीने गावी निघाले. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका तरुण विद्यार्थ्याला दिल्लीत मारहाण झाली आणि तो मरण पावला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. समित्या आणि कायदे आवश्यक आहेतच. पण भीतीच्या रात्री फोन करावा असे एक घर शहरात असणे, हे काम कोणतीही समिती करू शकत नाही. ते शेजाऱ्यानेच करायचे असते.

शिकून पुढे गेले की प्रश्न सुटतो असेही नाही. मे २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातील एका तरुण डॉक्टर मुलीने आपले जीवन संपवले. ती पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पाड्यावरून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचणाऱ्या तरुणांनाही वर पोहोचल्यावर सोबतीची गरज असते, किंबहुना तिथे ते अधिक एकटे असतात.

६. आपण काय करू शकतो?

एकेका तरुणामागे एक सोबती, असा साधा हिशोब ठेवावा. पाच जणांनी मनापासून वर्षभर काम केले, तर ते पन्नास जणांच्या एका दिवसाच्या मेळाव्यापेक्षा मोठे आहे. पुढील गोष्टी कुणालाही जमण्यासारख्या आहेत.

कागदपत्रे : जातीचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी बारावीच्या निकालाआधीच व्हावी. सर्वांत वेळ लागतो तो जात वैधता प्रमाणपत्राला. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे विचारले जातात. ज्या आजोबांनी शाळेची पायरी चढली नाही, त्यांचा शाळेचा दाखला कुठून आणणार? मग जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने कागद शोधावे लागतात. आपल्या धर्मग्रामात निवृत्त तलाठी, कारकून, शिक्षक, वकील आहेत. त्यांच्या अनुभवाचा इथे सोन्यासारखा उपयोग होईल.

शिष्यवृत्ती व वसतिगृह : आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. बारावीनंतर तिथे जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवण्याची रक्कम बँक खात्यात मिळण्याची तरतूद आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. आपल्या जिल्ह्यासाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये डहाणू व जव्हार येथे आहेत. नियम व मुदती बदलत असतात, म्हणून दरवर्षी तिथे जाऊन खात्री करावी. पहिल्या खेपेला तरुणाबरोबर जावे. दुसऱ्या खेपेला त्याला पुढे बोलू द्यावे आणि आपण मागे उभे राहावे. तिसऱ्या खेपेला त्याला एकट्याने जाऊ द्यावे.

ओळख : आपल्या दुकानात, कारखान्यात, ऑफिसात शिकाऊ जागा असेल तर कळवावी. वेल्डिंग, वायरिंग, शिवण, संगणक, नर्सिंग यांपैकी जो कामधंदा आपल्याला येतो, त्याची माहिती द्यावी. “मी याला ओळखतो” हे वाक्य आपण आपल्या भाच्यासाठी सहज उच्चारतो. ते या तरुणासाठीही उच्चारावे.

वेळ : दर पंधरा दिवसांनी निदान एकदा भेटावे. दिवस आणि वेळ ठरलेली असावी. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर गेले असेल तर फोन चालू ठेवावा. शाळा-कॉलेज सुटते ते बहुधा याच महिन्यांत. परीक्षेच्या काळात त्याला राहायला जागा मिळाली तर तेवढ्यावरून त्याचे वर्ष वाचू शकते.

आदर : त्याला ‘साहेब’ आणि ‘मॅडम’ म्हणायला लावू नये. ताई, दादा, काका, मावशी पुरे आहे. त्याच्या घरी जावे, त्याच्या आई-वडिलांना भेटावे, ते देतील तो चहा घ्यावा. वारली चित्रे आपण भिंतीवर लावतो. ती काढणाऱ्या समाजाच्या मुलाला घरात खुर्ची देतो का, हेही तपासावे.

७. तीन सावधगिऱ्या

पहिली, मुलांच्या सुरक्षिततेची. अठरा वर्षांखालील मुलाला किंवा मुलीला भेटताना पालकांची संमती असावी. भेट उघड्या जागी, इतरांच्या नजरेसमोर व्हावी, बंद खोलीत नव्हे. सोबत्याची निवड प्रमुख धर्मगुरू व जबाबदार मंडळींनी चौकशी करूनच करावी. बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि १०९८ हा हेल्पलाइनचा नंबर मुलांनाही ठाऊक असावा. यात कुणावर अविश्वास नाही. नियम सर्वांना सारखे असले की चांगल्या माणसालाही आधार मिळतो.

दुसरी, मदतीला अट नसावी. धर्म बदलावा, प्रार्थनेला यावे, अशी अपेक्षा बोलून वा न बोलता ठेवू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात स्पष्ट केले आहे की श्रद्धेच्या बाबतीत सक्तीचा वा अयोग्य आमिषाचा वास येईल असे वर्तन नको, आणि गरीब व अशिक्षितांच्या बाबतीत तर मुळीच नको. सोबत करायची ती माणसासाठी. आपली श्रद्धा आपल्या वागण्यातून जेवढी दिसेल तेवढी पुरे.

तिसरी, उपकाराची भाषा टाळावी. मार्च २०१८ मध्ये जगभरातील सुमारे तीनशे तरुण रोममध्ये जमले होते. सोबती कसा असावा, हे त्यांनी तिथे सांगितले आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ सालच्या ‘ख्रिस्तुस विवित’ या पत्रात ते घेतले. त्यांचा आशय असा की सोबत्याने स्वतःला परिपूर्ण समजू नये आणि तरुणाला मागून फरफटत नेऊ नये. त्याच्या बरोबरीने चालावे, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्यावा. तरुण आपले ऐकेलच असे नाही. आपल्याला वाटते त्याने नर्सिंग करावे, त्याला कदाचित शेती करायची असेल. तेव्हाही सोबत चालू राहिली पाहिजे.

मनन व चर्चेसाठी

पुढील प्रश्न घरी किंवा आपल्या वाडीतील समूहात चर्चेला घ्यावेत.

१) माझ्या तरुणपणी मला कोणी वाट दाखवली? ते माणूस भेटले नसते तर मी आज कुठे असतो?
२) माझ्या घरी, शेतात वा दुकानात काम करणाऱ्या वेगळ्या समाजातील एका तरुणाचे पूर्ण नाव, गाव आणि शिक्षण मला सांगता येईल का?
३) दुसऱ्याच्या बोलीवर, रंगावर, चेहऱ्यावर माझ्या घरात विनोद होतात का? मुलांसमोर होतात का?
४) येत्या वर्षभरासाठी, दर पंधरा दिवसांनी दोन तास मी देऊ शकतो का? देऊ शकत नसेन, तर माझ्या ओळखीचा वा अनुभवाचा उपयोग कोणत्या सोबत्याला होईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. घरच्यांशी बोलावे, आपला कामधंदा व प्रकृती पाहावी. आणि एकदा ‘हो’ म्हटले, तर पुढच्या वर्षी याच रविवारी तो तरुण आपल्याला ताई किंवा दादा म्हणून हाक मारील, इतके तरी टिकावे.